निरंक विवरणपत्राचे मोल
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकारिणीने या वर्षीच्या मेळाव्यात मजसारख्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकास बोलण्याची आज्ञा केली, हा मी माझा बहुमान समजतो. या व्यासपीठावरून आजवर समाजातील विद्वान वकील, डॉक्टर आणि प्राध्यापक बोलून गेले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पुढे अध्यापनाची पदविका घेतलेला माणूस. जिल्हा परिषदेच्या शाळांतून, देवळी आणि आर्वी तालुक्यांतील गावी, माझे आयुष्य गेले. तेव्हा माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा आपण करणार नाही, अशी मला खात्री आहे.

विषय मी मुद्दामच रुक्ष निवडला आहे. ज्याला कर भरण्याइतके उत्पन्न नाही, त्याने आयकराचे विवरणपत्र भरावे काय, आणि भरावे तर कशासाठी, हा तो विषय होय. हा प्रश्न ऐकून पुष्कळांच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते मला येथून दिसते आहे. ज्याच्या घरी सोयाबीन विकून उधारी फिटत नाही त्याला आयकराशी काय कर्तव्य, असे आपल्या मनात आले असेल. बंधूंनो, मीही असाच हसलो होतो, आणि त्या हसण्याची किंमत माझ्या विधवा बहिणीने भरली. ती हकीकत सांगावी आणि माझ्या चुकीतून दुसऱ्या कुटुंबांचा काही लाभ व्हावा, एवढ्याच हेतूने मी आज उभा आहे.

प्रथम एका शब्दाविषयी सांगतो. आपल्यापैकी जे शिक्षक किंवा कारकून होते त्यांना 'निरंक' हा शब्द चांगला परिचयाचा असेल. शाळेतून दरमहा पंचायत समितीकडे नाना प्रकारचे तक्ते जात. एखाद्या महिन्यात कळविण्याजोगे काहीच नसले, तरी रकाना कोरा ठेवून चालत नसे. तेथे 'निरंक' असे लिहावे लागे. नवा शिक्षक प्रथम हमखास चुके. त्याला वाटे, सांगण्यासारखे काही नाही, मग कागद पाठवायचा कशाला? आठ दिवसांत वरून स्मरणपत्र येई. कोरा रकाना आणि निरंक यांत महदंतर आहे. कोऱ्या रकान्याचा अर्थ वाटेल तो निघतो : माणूस विसरला असेल, त्याने लपविले असेल, किंवा तो तेथे नसेलही. निरंक म्हणजे मात्र सहीनिशी केलेले निवेदन होय. 'मी आहे, मी पाहिले आहे, आणि येथे शून्य आहे,' असे ते सांगते. ही गोष्ट मी कित्येक नव्या शिक्षकांना शिकविली. पण स्वतःच्या घरी ती लागू करण्याचे मला सुचले नाही.

माझी धाकटी बहीण आपल्याच जिल्ह्यात दिलेली आहे. तिचे यजमान अकाली गेले. पदरी एक मुलगी आणि थोडी कोरडवाहू जमीन. पुढे त्या जमिनीपैकी बराच तुकडा एका रस्त्यासाठी गेला आणि मोबदल्याची रक्कम तिच्या हाती आली. आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला, निम्न वर्धा धरणाखाली गावे गेली, यवतमाळ-नांदेडच्या रेल्वेसाठी जमिनी गेल्या. ज्यांनी मोबदल्याच्या पैशाने मोटारसायकली घेतल्या आणि बारशी-लग्ने थाटात केली त्यांची पुढे काय अवस्था झाली, हेही आपण पाहिले आहे. माझी बहीण शहाणी. तिने रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवली. तीवर वर्षाला सुमारे ६०,००० रुपये व्याज येई. उरलेल्या तीन एकरांचे कापूस-तूर आणि हे व्याज यांवर तिचा प्रपंच आणि मुलीचे शिक्षण चाले.

एके दिवशी ती पासबुक घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, बँकवाल्यानं सहा हजार कापले म्हणते. काऊन कापले, तुमीच पाहा." मी चष्मा लावून पासबुक पाहिले आणि मोठ्या अधिकाराने सांगितले, "तो सरकारचा कर आहे. तो सर्वांचाच कापतात. तो काही परत येत नसतो." तिने भीत भीत विचारले, "मंग काही कागद भरा लागते का?" यावर मी हसलो. "तुला का पगार आहे? आयकराचा कागद साहेब लोकांनी भरायचा. तुझ्यामाझ्या घरची ती गोष्ट नाही," असे मी म्हणालो. बंधूंनो, नोकरीत असताना दरवर्षी फॉर्म १६ माझ्या हाती येत असे, म्हणून आयकर मला समजतो अशी माझी समजूत होती. मास्तरने सांगितले म्हणजे ते खरेच, ही तिची समजूत. दोन समजुतींच्या मध्ये त्या बाईचे पैसे तीन वर्षे जात राहिले.

याच काळात ती बाई प्रधानमंत्री किसान सन्मान निधीच्या पैशासाठी तीन-तीनदा केंद्रावर जात होती. आधार जुळले नाही, अंगठा उमटला नाही, जमिनीची नोंद चढली नाही. दर वेळी एक मजुरी बुडे. ही योजना २०१९ मध्ये सुरू झाली आणि तीत वर्षाला २,००० रुपयांचे तीन हप्ते, म्हणजे ६,००० रुपये मिळतात, हे आपण जाणताच. एका हाताने सहा हजार मिळविण्यासाठी ती उन्हात रांगेत उभी राहत होती, आणि दुसऱ्या हाताचे सहा हजार माझ्या शब्दामुळे सोडून देत होती! २०२४ च्या हंगामात बीटी कापसाच्या बियाण्याची पिशवी ८६४ रुपयांना होती. सहा हजार रुपये म्हणजे जवळजवळ सात पिशव्या. तिच्या तीन एकरांचे बियाणे वर्षानुवर्षे या मास्तरने वाया घालविले.

चूक उघडकीस आणली ती तिच्या मुलीने. भाची वाणिज्य शाखेत शिकते. २०२४ च्या जुलै महिन्यात ती घरी आली असता तिने पासबुक पाहिले आणि सरळ मला फोन केला. "मामाजी, आईचा कर कापला कसा? तिला कर लागतच नाही. हे पैसे परत येतात. विवरणपत्र भरावं लागते फक्त." मी क्षणभर निरुत्तर झालो. वयाने लहान मुलीने आपली चूक दाखविली म्हणजे मन कसे होते, ते येथील ज्येष्ठांना सांगावयास नको. परंतु शिक्षकाला आयुष्यभर जे मुलांना सांगावे लागते तेच मी मला सांगितले : चूक कबूल कर आणि गणित पुन्हा मांड.

आता ते गणित आपणांपुढे मांडतो.

आयकर या देशात प्रथम १८६० साली इंग्रज सरकारने बसविला. पुढे १९२२ चा कायदा झाला, नंतर १९६१ चा. आणि आता २०२५ चा आयकर अधिनियम झाला असून त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. कायदे बदलले, कलमांचे आणि अर्जांचे क्रमांक बदलले, तरी मूळ तत्त्व तेच आहे. शेतीचे उत्पन्न केंद्राच्या आयकरातून मुक्त आहे. इतर उत्पन्नावर एका मर्यादेपर्यंत कर नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत ही मर्यादा ४ लाख रुपये होती, आणि जुन्या पद्धतीत साधारण माणसास अडीच लाख व साठ वर्षांवरील ज्येष्ठास ३ लाख. माझ्या बहिणीचे व्याज ६०,००० रुपये. कोणत्याही पद्धतीने मोजा, तिचा कर शून्यच येतो.

मग बँकेने कर का कापला? याचे कारण असे की बँकेला माणूस दिसत नाही, व्याज दिसते. एका वर्षात ठरावीक रकमेहून अधिक व्याज झाले की बँकेने शेकडा १० प्रमाणे कर कापून सरकारात भरावा, असा नियम आहे. ही मर्यादा पूर्वी ४०,००० रुपये होती. १ एप्रिल २०२५ पासून ती ५०,००० रुपये झाली, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १ लाख रुपये झाली. पॅन क्रमांक दिलेला नसेल, तर शेकडा २० कापतात. म्हणजे ज्याच्याजवळ कागद नाही त्याचा कर दुप्पट! हा कापलेला पैसा कराचा अंतिम हिशेब नव्हे. ती केवळ आगाऊ घेतलेली रक्कम होय. हिशेब होतो तो विवरणपत्रात. ज्याचा कर शून्य ठरेल त्याचे सर्व पैसे सरकार परत देते. पण हिशेब मांडलाच नाही, तर परत देणार कोणाला आणि किती?

येथे मला भाषेचा एक बारकावा सांगावासा वाटतो. 'उत्पन्न नाही' आणि 'करपात्र उत्पन्न नाही' ही दोन वाक्ये आपण एकच समजतो. ती एक नाहीत. आपल्या समाजातील बहुतेक विधवा भगिनी, निवृत्त मंडळी आणि लहान शेतकरी यांना थोडे उत्पन्न असते, करपात्र उत्पन्न नसते. कर लागत नाही म्हणून हिशेबही लागत नाही, अशी आपण समजूत करून घेतो आणि फसतो.

या रोगावर दोन औषधे आहेत : एक आधी घेण्याचे आणि एक नंतरचे.

आधीचे औषध असे. आर्थिक वर्षाच्या आरंभी, एप्रिल महिन्यात, बँकेत जाऊन 'माझा कर शून्य आहे, तरी कर कापू नये' असे घोषणापत्र भरून द्यावे. साठ वर्षांखालील व्यक्तीचे ते '१५-जी' आणि ज्येष्ठांचे '१५-एच' या नावाने आजवर ओळखले गेले. नव्या कायद्याबरोबर क्रमांक बदलतात, म्हणून क्रमांक पाठ न करता 'व्याजावर कर न कापण्याचे घोषणापत्र द्या' असेच बँकेत सांगावे. ते दरवर्षी नव्याने आणि प्रत्येक बँकेत निराळे द्यावे लागते, आणि त्याची पोच घ्यावी. मात्र ज्याला खरोखर कर लागतो त्याने हे घोषणापत्र देऊ नये. खोटे घोषणापत्र हा दंडनीय अपराध आहे.

नंतरचे औषध म्हणजे विवरणपत्र. ते साधारणतः ३१ जुलैपर्यंत भरावयाचे असते. सरकार कधी मुदत वाढविते, जशी २०२५ साली वाढविली होती. पण वाढीव मुदतीच्या भरवशावर राहू नये. मुदत चुकली तर उशिराचे विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते, आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर त्यासाठी उशिराचे शुल्कही पडत नाही. २०२५ च्या नव्या कायद्याच्या पहिल्या मसुद्यात, उशिरा विवरणपत्र भरणाऱ्यास परतावा मिळू नये, अशा अर्थाची एक अट होती. संसदेच्या निवड समितीने ती काढून टाकण्याची शिफारस केली आणि ती अट गेली. ही अट राहिली असती, तर फटका बसला असता तो आपल्यासारख्या उशिरा जागे होणाऱ्यांनाच.

सर्वांत सोप्या विवरणपत्राचे नाव 'सहज' असे आहे. परंतु शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असल्यास 'सहज' चालत नाही, दुसऱ्या क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. आपल्याकडील बहुतेकांना शेती आहे, म्हणून हे ध्यानात ठेवावे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते दाखवावे लागते. लपविण्याचे काही कारणच नाही. आपल्या नावावर किती कर कापला गेला, हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर 'छब्बीस-ए-एस' नावाच्या तक्त्यात दिसते. प्रथम तो तक्ता पाहावा, मग लेखणी उचलावी.

विवरणपत्र भरले म्हणजे काम संपले असे नव्हे. भरल्यापासून ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. आधारशी जोडलेल्या मोबाईलवर एक अंक येतो, तो घातला की पडताळणी होते. ती न केल्यास विवरणपत्र भरलेच नाही असे समजतात. सही न केलेल्या उत्तरपत्रिकेसारखी ती गोष्ट आहे. दुसरे, पॅन आधारशी जोडलेले हवे. न जोडलेले पॅन निष्क्रिय होते, कर अधिक कापला जातो आणि परतावाही अडतो. तिसरे, ज्या खात्यात पैसे यावयाचे ते खाते संकेतस्थळावर प्रमाणित केलेले असावे, आणि पॅनवरील नाव व खात्यावरील नाव एकच असावे. आपल्या भगिनींच्या बाबतीत नेमके येथेच अडते. पॅनवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे, आणि सातबाऱ्यावर तिसरेच. मुलीच्या लग्नात रुखवत मांडताना जेवढी काळजी आपण घेतो, तिच्या निम्मी काळजी तिचे नाव सर्व कागदांवर एक राहावे यासाठी घेतली, तरी पुढचे पुष्कळ हेलपाटे वाचतील.

ज्यांच्या घरी कर्ता पुरुष वारला आहे त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मृत व्यक्तीच्या नावे कापला गेलेला कर वारसाला प्रतिनिधी म्हणून नोंदणी करून मागता येतो. माणूस गेला म्हणून त्याचा हिशेब बुडत नाही.

बहिणीच्या हिशेबाचे पुढे काय झाले, ते सांगतो. २०२३-२४ या वर्षाचे विवरणपत्र भाचीने ३१ जुलै २०२४ च्या आत भरले. काही आठवड्यांतच सहा हजारांची रक्कम खात्यात जमा झाली. त्याआधीच्या दोन वर्षांची मुदत मात्र केव्हाच टळली होती. मागाहून भरण्याचे 'अद्ययावत विवरणपत्र' म्हणून एक प्रकार आहे, पण त्याने परतावा मागता येत नाही. त्यासाठी झालेला विलंब क्षमा करावा, असा अर्ज आयकर खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे कारणांसह करावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे असा अर्ज संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत करता येतो. आम्ही तो केला आहे. कारणाच्या रकान्यात भाचीने 'माहितीचा अभाव' असे लिहिले. मी तिला म्हणालो, "बाळ, 'चुकीचा सल्ला' असे लिही." ती हसली आणि तिने तसेच राहू दिले. त्या दोन वर्षांचा निर्णय अजून यावयाचा आहे.

आता आपल्या मनातील खऱ्या भीतीविषयी बोलतो. बहिणीलाही ती वाटली होती. "भाऊ, कागद भरला तं किसानचे पैसे बंद होतीन का? लाडक्या बहिणीचे बंद होतीन का?" गावोगावी ही कुजबुज आहे की आयकराच्या दप्तरात नाव गेले की सर्व योजनांतून नाव निघते. या भीतीत थोडे तथ्य आहे आणि पुष्कळ गैरसमज आहे. किसान सन्मान निधीच्या नियमात, मागील करनिर्धारण वर्षात ज्यांनी आयकर भरला त्यांना वगळले आहे. कर भरणाऱ्या ज्या शेतकऱ्यांनी हे पैसे घेतले, त्यांना वसुलीच्या नोटिसाही आल्या. २०२४ साली आपल्या राज्यात सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवली गेली आणि आयकरदात्याचे कुटुंब वगळले गेले. शब्द नीट पाहावेत : 'आयकर भरला', 'आयकरदाता'. विवरणपत्र भरणारा आणि कर भरणारा हे दोघे एक नव्हेत. परीक्षेचा अर्ज भरणारा प्रत्येक विद्यार्थी उत्तीर्ण होत नसतो! उलट विचार करून पाहा. ज्याचा कर कापला गेला आणि ज्याने तो परत मागितला नाही, त्याचे पैसे सरकारजमा राहतात. ज्याने विवरणपत्र भरले, त्याच्यापाशी 'देय कर शून्य' असे स्वच्छ लिहिलेला कागद असतो. उद्या याद्यांच्या पडताळणीत गफलत झाली, तर तहसील कचेरीत दाखविण्यास तोच आपला साक्षीदार. म्हणून विवरणपत्राची पोच आणि आयकर खात्याचे उत्तर, दोन्हीची प्रत घरच्या पेटीत सातबाऱ्याशेजारी ठेवावी.

मदत मिळविण्यासाठी उत्पन्न नसल्याचाही कागद भरावा लागतो, ही काही केवळ आपल्याच देशाची रीत नाही. २००८ साली अमेरिकेत मंदीच्या तोंडावर सरकारने नागरिकांना पैसे वाटण्याचे ठरविले. तेथील अनेक वृद्ध निवृत्तिवेतनावर जगत होते; त्यांना कर नव्हता आणि ते विवरणपत्रही भरत नसत. किमान ३,००० डॉलरचे निवृत्तिवेतन किंवा तत्सम उत्पन्न दाखविणारे विवरणपत्र त्यांनी भरावे, म्हणजे प्रत्येकी किमान ३०० डॉलर मिळतील, असे त्यांना सांगण्यात आले. कर देण्यासाठी नव्हे, मदत घेण्यासाठी विवरणपत्र! पुढे २०२० साली कोरोनाच्या काळात तेथील सरकारने प्रौढ माणशी १,२०० डॉलरपर्यंत मदत जाहीर केली. विवरणपत्र न भरणाऱ्यांसाठी एक निराळा सोपा अर्ज ठेवला आणि त्याची मुदत २१ नोव्हेंबर २०२० पर्यंत दिली. ज्यांनी तोही भरला नाही, त्यांना त्या वर्षाचे विवरणपत्र भरून ती रक्कम मागावी लागली, आणि त्याचीही अखेरची तारीख १७ मे २०२४ रोजी उलटून गेली. ज्यांचे नाव सरकारच्या दप्तरी नव्हते, त्यांच्यापर्यंत श्रीमंत राष्ट्राचेही पैसे आपोआप पोहोचले नाहीत. जाहीर झालेला पैसा आणि हाती आलेला पैसा यांच्यामध्ये एक कागद असतो.

आपल्या जिल्ह्याने याचा अनुभव अनेकदा घेतला आहे. २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी मदत जाहीर केली, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. २०१७ च्या कर्जमाफीत शेतकरी पती-पत्नींना संगणकावर अर्ज भरण्यासाठी केंद्रांवर रात्री काढाव्या लागल्या. संजय गांधी निराधार अनुदानासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. मुलांच्या शिष्यवृत्तीला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. जो शेवटच्या दिवसापर्यंत थांबतो त्याचे मूल वर्गात फीच्या यादीत उभे राहते. ते दृश्य मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

या सर्वांमागे, मला वाटते, अज्ञानापेक्षाही एक संकोच आहे. आपला समाज मानी आहे. 'माझे उत्पन्न इतकेच आहे' असे चारचौघांत सांगणे आपल्याला कमीपणाचे वाटते. लग्नाच्या बोलणीत आपण उत्पन्न वाढवून सांगतो, दाखल्याच्या वेळी कमी करून सांगतो, आणि खरा आकडा कोणालाच सांगत नाही, कधी कधी स्वतःलाही नाही. ज्या सेवाग्रामला गांधीजी १९३६ साली येऊन राहिले, ते आपल्या या जिल्ह्यातच आहे. सार्वजनिक पैशाचा काटेकोर हिशेब हा ज्यांच्या आचरणाचा भाग होता, त्यांच्या शेजारी राहून आपण हिशेबाला लाजावे, हे बरे नव्हे. खरे शून्य सांगण्यात लाज नाही. लाज आहे ती खोट्या आकड्यात.

आणि म्हणूनच एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. परताव्याची गोष्ट ऐकून गावात दलाल उभे राहतात. 'तुमचे इतके पैसे काढून देतो, त्यांतला अमुक हिस्सा माझा,' असे ते म्हणतात, आणि नसलेला विमा, नसलेली देणगी, नसलेले घरभाडे दाखवून खोटा परतावा मागतात. २०२५ साली आयकर खात्याने अशा खोट्या दाव्यांविरुद्ध देशभर शोधमोहीम केली. सही आपली असते, म्हणून जबाबही आपल्यालाच द्यावा लागतो. आपले पैसे मागावेत. त्यांहून एक रुपयाही अधिक मागू नये. मोबाईलवर आलेला गुप्त अंक आणि संकेतस्थळाचा परवलीचा शब्द परक्याच्या हाती देऊ नये.

शेवटी मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, वधू-वर परिचय घडवितो. त्याचबरोबर एप्रिल महिन्यात एक रविवार आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात एक रविवार मंडळाच्या सभागृहात 'कागद तपासणी' ठेवावी. एप्रिलमध्ये घोषणापत्रे भरावीत, जुलैमध्ये विवरणपत्रे. वाणिज्य शाखेत शिकणारी आपली मुले-मुली संगणकाचे काम करतील. आम्ही निवृत्त शिक्षक कागद वाचून पाहू, नावे जुळवू आणि वृद्ध भगिनींना समजेल अशा भाषेत समजावून सांगू. कोणाकडूनही पैसा घेऊ नये. समाजातील एकेका विधवा भगिनीचे घर कोणाच्या तरी वाट्याला नेमून द्यावे. माझ्या बहिणीला सल्ला देणारा मास्तर होता, तरी तिचे नुकसान झाले. जिला कोणीच नाही, तिचे काय होत असेल, याचा विचार आपणच केला पाहिजे.

सहा हजार जमा झाल्याचा निरोप बहिणीच्या मोबाईलवर आला, तेव्हा मी तिच्या घरीच होतो. मला वाटले, आता ती मागच्या दोन वर्षांचे बोलेल आणि मला ऐकून घ्यावे लागेल. ती चहा ठेवता ठेवता एवढेच म्हणाली, "भाऊ, पुढच्या साली तुमचाही कागद पोरीलेच दाखवा." बंधूंनो, मी तो दाखविला. माझ्याही पेन्शनच्या ठेवीवरचा काही कर परत मागावयाचा राहिला होता.

  घरी गेल्यावर आपले आणि आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे पासबुक एकवार उघडून पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.